स्पिनर परत परत खाली बसतोय: होमबिल्ट विमानात इंजिन माउंटवर सरळ बसवणं आणि सरळ ठेवणं

होमबिल्ट म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानांत ही तक्रार साधारण एकाच चालीची असते. काऊलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण बसवलं तेव्हा स्पिनर, म्हणजे प्रॉपेलरच्या मध्यावरचं टोकदार टोपण, अगदी मधोमध होता, चारी बाजूंनी फट सारखी, फोटोसुद्धा काढून झाले, आणि थोडे तास उडल्यावर बघतो तर स्पिनर खाली, खालची फट मिटत आलेली, वरची उघडलेली, एखाद्या ठिकाणी काऊलच्या कडेचा रंगही घासलेला. मग कोणीतरी सांगतं की इंजिनाच्या खालच्या दोन बोल्टांना वॉशर घाल, घातला की वर येतो, सगळे खुश. आणि काही दिवसांनी परत खाली. परत वॉशर. असं करत करत शेवटी बोल्टच पुरत नाही आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो की नक्की चाललंय काय.

वॉशर हा इलाज आहे, नाही असं नाही, पण आधी नक्की काय हललंय ते शोधायचं आणि मग वॉशर. हलणाऱ्या गोष्टी मोजून चार आहेत. स्पिनर स्वतः वाकडा फिरत असेल, इंजिन आणि त्याला धरणारी फ्रेम यांच्यामधली रबरं बसली असतील, ती वेल्डिंगची फ्रेम (म्हणजेच माउंट) किंवा तिचे फायरवॉलवरचे, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीवरचे, पाय सरकले असतील, नाहीतर काऊलिंगच हललं असेल. शेवटचं कोणी धरतच नाही. फायबरग्लासचं काऊल एक्झॉस्टच्या उष्णतेने थोडं आकार सोडतं, बिजागऱ्यांची भोकं ढिली होतात, आणि आपण इंजिन खाली आलं म्हणून ओरडत असतो तेव्हा खरं तर काऊल वर गेलेलं असतं. म्हणून पहिला नियम, काऊल ही मोजपट्टी नाही. काऊल सगळ्यात शेवटी बसतं, त्याच्यावरून इंजिन जोखायचं नाही, इंजिन जोखायचं फ्युजलाजवरून, म्हणजे विमानाच्या धडावरून.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः चार बोल्टांच्या लायकमिंग छाप इंजिनांसाठी आहे, म्हणजे ओ-३२०, ओ-३६० वगैरे, पण तर्क बाकीच्यांनाही लागू होतो.

स्पिनरचा संशय आधी मिटवा कारण त्याला पाच मिनिटं लागतात. मॅग्नेटो स्विच बंद, चाकांना अडथळे, प्रत्येक सिलेंडरचा एक एक प्लग काढलेला, आणि तरीसुद्धा प्रॉप जिवंत आहे असंच समजून हात लावायचा, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन फायर होऊ शकतं. आता काऊल आणि स्पिनरच्या पाठीमागच्या प्लेटमधली फट चार ठिकाणी मोजा, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रॉप अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठी फट प्रॉपबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर दोष स्पिनरमध्ये किंवा त्याच्या बॅकप्लेटमध्ये आहे, इंजिनाला हात लावू नका. मोठी फट जागच्या जागी राहिली तर इंजिन किंवा काऊल. दोन्ही थोडं थोडं असेल तर चारही ठिकाणचे आकडे प्रॉपच्या चार स्थितींमध्ये घ्या आणि सरासरी काढा, स्पिनरचा वाकडेपणा सरासरीत उडून जातो आणि जो उरतो तो इंजिनाचा.

आता खरं मोजमाप. प्रॉप फ्लँजचा, म्हणजे प्रॉप जिला बोल्टने बसतो त्या चकतीचा, तोंडाचा पृष्ठभाग क्रँकशाफ्टला काटकोनात असतो, त्यामुळे इंजिन कुठे बघतंय ते सांगणारी सगळ्यात भरवशाची जागा तीच. विमान ड्रॉइंगमध्ये दिलेल्या लेव्हल रेषेवर आणा, बहुतेक डिझाइनमध्ये ती कॉकपिटच्या कडेला म्हणजे लाँजेरॉनवर असते, आणि डिजिटल पाणसळ फ्लँजवर उभी लावा. जो कोन येईल त्यातून विमानाचा कोन वजा केला की थ्रस्टलाइनचा, म्हणजे प्रॉप ज्या रेषेत ओढतो तिचा, वर-खालचा कोन मिळाला. हे प्रॉप काढलेला असताना सोपं जातं पण प्रॉपचं वजन नसताना घेतलेला आकडा खोटा असतो हे लक्षात ठेवा, एकतर तेवढं वजन फ्लँजला टांगा नाहीतर स्पिनर काढून प्रॉपच्या हबवर जिथे मशीन केलेला सपाट भाग सापडेल तिथे मोजा.

डाव्या-उजव्याचा कोन काढायला पाणसळ कामाची नाही, तिथे जुनीच पद्धत. शेपटीच्या मध्यावरून आणि फायरवॉलच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर दोन खुणा, त्यातून खडूची दोरी मारून मध्यरेषा, ती नाकाच्याही पुढे वाढवायची. फ्लँजला एक मीटरची सरळ पट्टी आडवी बांधायची, अर्धी डावीकडे अर्धी उजवीकडे, दोन्ही टोकांतून ओळंबा, आणि मध्यरेषेला गुण्याने काढलेल्या काटरेषेपासून दोन्ही खुणा किती लांब आहेत ते बघायचं. एक मीटरच्या पट्टीवर एक अंश म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचा फरक, त्यामुळे साध्या टेपनेसुद्धा पाव अंशापर्यंत आरामात पोचता. लेझर असेल तर वापरा, पण लेझरवाले लोक अर्धा तास लेझरच सरळ करत बसतात असा अनुभव आहे.

इथे एक सापळा आहे. मोजल्यावर इंजिन थोडं उजवीकडे बघतंय असं निघालं तर लगेच सरळ करायला धावू नका. कॉकपिटमधून बघताना प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर चढताना विमानाचं नाक डावीकडे जायला बघतं, आणि त्याची थोडी भरपाई म्हणून पुष्कळ डिझाइनर इंजिन एक-दोन अंश उजवीकडे आणि कधी कधी थोडं खालीही वळवून ठेवतात. तो तिरपेपणा फ्रेममध्येच वेल्ड केलेला असतो, आणि स्पिनर काऊलच्या मध्यावर यावा म्हणून इंजिनाचं मागचं टोक काही डिझाइनमध्ये थोडं डावीकडे सरकवलेलं असतं. म्हणजे स्पिनर मध्यावर आहे पण त्याची प्लेट फायरवॉलला समांतर नाही, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी काऊलचं तोंड स्पिनरच्या प्लेटप्रमाणे कापायचं असतं, फायरवॉलप्रमाणे नाही. ड्रॉइंग न बघता फट सारखी करायला वॉशर घालणारे डिझाइनरने दिलेला ऑफसेट गुपचूप काढून टाकतात आणि मग रडर ट्रिम टॅब (शेपटीच्या उभ्या सुकाणूवरची छोटी पट्टी) का लागतोय म्हणून हैराण होतात.

आता रबरांकडे, कारण दहातल्या आठ वेळा घोडं तिथेच अडतं.

डायनाफोकल माउंटमध्ये चार बोल्ट इंजिनाच्या मागच्या बाजूला एका रिंगवर तिरपे असतात, आणि त्यांचे अक्ष पुढे इंजिनाच्या गुरुत्वमध्याच्या आसपास एकत्र येतात, त्यामुळे इंजिन स्वतःच्या मध्याभोवती थरथरतं आणि ती थरथर फ्युजलाजपर्यंत कमी पोचते. टाइप १ मध्ये हा तिरपा कोन ३० अंश आणि टाइप २ मध्ये १८ अंश. फ्रेम एका टाइपची आणि इंजिन दुसऱ्या टाइपचं हे वापरलेलं इंजिन घेणाऱ्यांच्या बाबतीत होऊ शकतं, आणि मग चौथा बोल्ट कितीही ठोकला तरी जात नाही. जुनी शंकूच्या रबरांची कोनिकल पद्धत वेगळी, तिथे बोल्ट सरळ असतात.

प्रत्येक बोल्टावर रबराच्या दोन चकत्या, एक रिंगच्या पुढे म्हणजे इंजिनाच्या बाजूला, एक रिंगच्या मागे म्हणजे फायरवॉलच्या बाजूला, आणि दोघींच्या आत एक स्पेसरची नळी. आणि खरी मेख अशी की बऱ्याच सेटमध्ये या दोन चकत्या सारख्या नसतात, एक कडक असते एक मऊ. इंजिन फ्रेमच्या पुढे टांगलेलं आहे, त्यामुळे त्याचं वजन वरच्या बोल्टांना पुढे ओढतं आणि खालच्या बाजूला इंजिन रिंगवर मागे दाबलं जातं. म्हणून वरच्या दोन जागी जास्त दाब रिंगच्या मागच्या चकतीवर येतो आणि खालच्या दोन जागी रिंगच्या पुढच्या चकतीवर. जिथे दाब जास्त तिथे कडक चकती. म्हणजे वर कडक मागे, खाली कडक पुढे. सेटबरोबर उत्पादकाचा तक्ता येतो, पार्ट नंबर त्याच्याशी ताडून बघा आणि तक्ता आणि माझं म्हणणं वेगळं निघालं तर तक्ता खरा. पण चारही ठिकाणी एकाच दिशेने बसवलेल्या चकत्या दिसल्या तर शंका घ्यायलाच हवी, दोन तरी उलट्या आहेत. उलट्या बसलेल्या चकत्यांचं लक्षण हेच की वॉशर घातला की आठवडा-पंधरा दिवस बरं वाटतं आणि परत नाक खाली, कारण मऊ चकती वजनाखाली दबतच राहते.

बसणं स्वतः काही दोष नाही. रबरावर कायमचं वजन ठेवलं की ते सरपटतं, सुरुवातीला भराभर आणि नंतर हळूहळू, पहिल्या दहा तासांत जितकं बसेल साधारण तितकंच पुढच्या शंभर तासांपर्यंत बसतं अशी त्याची चाल असते. त्यामुळे नवीन रबरांवर पहिल्या दिवशी काऊल फिट करून फट तंतोतंत सारखी करणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुढची तक्रार लिहून ठेवणं. अनुभवी बिल्डर काय करतात, तर इंजिनावर सगळं वजन आधी चढवतात, स्टार्टर, अल्टरनेटर, एक्झॉस्ट, बॅफल (हवा वळवणारे पत्रे), प्रॉप किंवा प्रॉपइतकं वजन, काही दिवस तसंच टांगून ठेवतात, आणि मग काऊल बसवताना स्पिनर तीन ते पाच मिलिमीटर वर राहील असं बघतात. दिसायला थोडं विचित्र दिसतं पण काही तासांनी आपोआप मध्यावर येतं. उलट नुसतं कोरडं इंजिन टांगून, प्रॉपच्या जागी प्लायवुडची चकती लावून काऊल करणाऱ्यांना नंतर पूर्ण वजन चढल्यावर धक्का बसतो. ओ-३२० किंवा ओ-३६० कोरडंच ११० ते १२० किलोच्या घरात असतं आणि प्रॉपचं वजन तर माउंटपासून सगळ्यात लांब, म्हणजे किलोमागे त्याचा वाकवणारा जोर सगळ्यात जास्त. लाकडी प्रॉप काढून धातूचा कॉन्स्टंट स्पीड (पात्यांचा कोन आपोआप बदलणारा, जड) प्रॉप लावला आणि मग स्पिनर खाली आला तर त्यात कोडं काहीच नाही, रबरं आधीच्या वजनाच्या हिशेबाने निवडलेली होती.

रबर गेलंय की नुसतं बसलंय हे ओळखायला टॉर्च आणि आरसा घेऊन खालच्या दोन माउंटपाशी जा. चांगल्या चकतीची कड गोल आणि सगळीकडे सारखी फुगलेली दिसते. बाद चकतीत एका बाजूला फुगवटा जास्त, दुसऱ्या बाजूला जवळपास सपाट, आणि जिथे रबर धातूला चिकटवलेलं असतं त्या रेषेवर केसासारखी चीर. नखाने ती रेष दाबून बघा, नख आत गेलं तर जोड सुटलाय, पुढे विचार करायची गरज नाही, बदला. पृष्ठभागावरच्या बारीक बारीक भेगा वयाच्या आणि ओझोनच्या असतात, त्या लगेच जीवघेण्या नसतात पण नोंद करा. रबर हाताला चिकट लागलं, मऊ फुगल्यासारखं वाटलं तर वरून ऑइल गळतंय, आणि नैसर्गिक रबराचा ऑइल आणि पेट्रोल हा पक्का शत्रू. अशा वेळी नवीन रबर टाकून गळती तशीच ठेवली तर तीच तक्रार तुम्हाला परत लिहायची आहे. एक्झॉस्टचा पाइप खालच्या माउंटच्या अगदी जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याची हीट शील्ड लावा, एकच कोपरा सारखा बसत असेल तर पहिला संशय उष्णतेवर.

बोल्टाच्या डोक्याभोवती किंवा वॉशरखाली तांबूस तपकिरी पूड दिसली तर तो गंज पावसाचा नाही, दोन धातू एकमेकांवर घासले जात आहेत. म्हणजे बोल्ट ढिला आहे किंवा स्पेसर नीट टेकत नाही. हे दिसलं की उड्डाण बंद, आधी उघडून बघणं.

बदलायची तर चारही जागची बदला. फक्त खालची दोन नवीन आणि वरची जुनी हा काटकसरीचा प्रकार काही तासांतच डोकं वर काढतो, कारण जुनी आणि नवीन वेगवेगळ्या वेगाने बसतात आणि इंजिन हळूहळू तिरपं होत जातं.

आता वॉशर घालण्याआधीची एक तपासणी जी जवळजवळ कोणी करत नाही. इंजिन तिरपं झालंय की जसंच्या तसं समांतर खाली आलंय? फ्लँजचा कोन आधी किती होता ते लॉगबुकात लिहिलेलं असेल तर काम सोपं. कोन बदललेला असेल तर तिरपं झालंय, वॉशरने सुटेल. कोन तोच आहे पण स्पिनर तीन मिलिमीटर खाली आहे, आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला ऍक्सेसरी केसजवळचा एखादा ठरलेला बिंदूही फ्रेमच्या तुलनेत तेवढाच खाली आलाय, तर चारही रबरं आडवी कातरली गेली आहेत. इथे वॉशर घातला तर इंजिन वर येत नाही, फक्त नाक वर करतं, स्पिनर मध्यावर दिसतो आणि थ्रस्टलाइन मात्र बिघडते. याला औषध नवीन रबरं, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशीचे आकडे लिहून ठेवलेच नसतील तर आज लिहा, कोन, चार फटी, मागच्या बिंदूचं अंतर, तास, तापमान.

वॉशर घालायचेच ठरले तर कुठे आणि किती. नाक वर आणायचं तर खालच्या दोन जागी इंजिनाचा कान (बोल्ट जातो ते भोक असलेला भाग) आणि पुढची चकती यांच्या मध्ये, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग पुढे ढकलला जातो आणि नाक उचलतं. नाक डावीकडे न्यायचं तर उजवीकडच्या दोन्ही जागी, उजवीकडे न्यायचं तर डावीकडच्या. किती उचलेल त्याचा अंदाज साध्या त्रैराशिकाने येतो, समजा वरच्या आणि खालच्या बोल्टांत उभं अंतर ३०० मिलिमीटर आहे आणि माउंटपासून स्पिनरची प्लेट ७०० मिलिमीटर पुढे आहे, तर खाली १.६ मिलिमीटरचा वॉशर स्पिनरला साधारण पावणेचार मिलिमीटर उचलेल, बोल्ट तिरपे असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच. एएन ही विमानांच्या मानक सुट्या भागांची मालिका, तिच्यातला एएन९६०-७१६ वॉशर एक सोळांश इंचाचा म्हणजे हाच १.६ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या पातळ भावाची जाडी निम्मी. एका जागी दोनापेक्षा जास्त वॉशर लागत असतील तर थांबा, तुम्ही रबराचा नाही तर फ्रेमचा दोष वॉशरने झाकताय.

आणि वॉशर किती रुंद हे जाडीइतकंच महत्त्वाचं. आतली स्पेसरची नळी आणि रबराची चकती दोन्ही त्याच वॉशरवर टेकायला हव्यात. छोटा वॉशर घातला तर फक्त नळीचं तोंड त्यावर टेकतं, रबराच्या बाहेरच्या भागाखाली पोकळी राहते, आणि नट कितीही आवळला तरी रबराला जो ठरलेला दाब मिळायला हवा तो मिळत नाही. मग रबर लवकर खराब होतं आणि आपण म्हणतो हल्लीचा माल चांगला येत नाही. चकतीच्या धातूच्या तोंडाएवढी रुंद, सपाट शिम करून घेणं हाच सरळ मार्ग. रिंग आणि रबराच्या मध्ये काही घालू नका, तिथे घातलं की रबराचा दाबच बदलतो.

स्पेसरची नळी विसरणं किंवा दुसऱ्या सेटची टाकणं हाही नेहमीचा घोळ. नळी नसेल तर नट आवळता आवळता रबर चेपत जातं, इंजिन जवळजवळ फ्रेमला घट्ट बांधल्यासारखं होतं आणि अख्खं पॅनेल थरथरतं. नळी लांब असेल तर रबर ढिलं राहतं. बरोबर असेल तेव्हा नट आवळताना आधी रबर दबतं, मग एका क्षणी हाताला ठाम कडकपणा जाणवतो, तिथे नळी टेकली आणि पुढे टॉर्क चढतो.

टॉर्कचा आकडा तुमच्या ड्रॉइंगमधला किंवा मॅन्युअलमधला घ्या. तिथे काहीच दिलेलं नसेल तर एएन७ म्हणजे सात सोळांश इंची बोल्टासाठी नेहमीचा तक्ता ४५० ते ५०० इंच-पाउंड सांगतो, म्हणजे ५१ ते ५६ न्यूटन मीटर, आणि फायरवॉलला जर एएन६ म्हणजे तीन अष्टमांश इंची बोल्ट असतील तर १६० ते १९० इंच-पाउंड, १८ ते २१ न्यूटन मीटर. सेल्फ लॉकिंग नट असेल तर तो मोकळा फिरवायला जो टॉर्क लागतो तो यात मिळवायचा. फायरवॉलच्या पुढे नायलॉनवाले लॉकनट नकोत, ते साधारण १२० अंश सेल्सियसच्या पुढच्या तापमानासाठी नसतात, पूर्ण धातूचे घ्या किंवा कॅसल नट आणि कॉटर पिन. शिम घातल्यावर नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे, दिसत नसेल तर बोल्ट लांबीचा बदला, वॉशर काढून जमवू नका.

चौथा बोल्ट जात नाही ही वेगळीच रडकथा. रबर नवीन आणि ताठ असल्यामुळे भोकं जुळत नाहीत हे स्वाभाविक आहे. शेपटीला भक्कम आधार द्या, इंजिन वरच्या हुकाला चेनपुलीने धरा, आधी वरचे दोन बोल्ट ढिले घालून घ्या आणि मग चेन थोडी थोडी वर-खाली करत इंजिन झुलवा, खालचे दोन जुळतील. निमुळतं टोक केलेली एक पिन आधी घालून भोकं ओळीत आणायची आणि तिच्यामागून बोल्ट ढकलायचा. हवं तर सी क्लॅम्पने रबर हळू दाबा. हातोडीने बोल्ट ठोकू नका, आटे जातात आणि रबराचा जोड सुटतो तो वेगळाच. ग्रीस लावायचा मोह होतो, पण रबराला पेट्रोलियम ग्रीस नको, टाल्क पावडर पुरते. चारही बोल्ट आत गेल्याशिवाय एकही पूर्ण आवळायचा नाही, आणि आवळताना चेन ढिली ठेवा पण काढू नका.

रबरं नवीन, दिशा बरोबर, स्पेसर बरोबर, आणि तरी सारखं तिरपं होत असेल तर फ्रेम. ४१३० क्रोमोली पोलादाची नळी वेल्ड करताना ओढली जाते, त्यामुळे घरी केलेल्या फ्रेमचे पाय फायरवॉलवर चारही ठिकाणी एकदम टेकतीलच असं नाही. बोल्ट हाताने घट्ट करून प्रत्येक पायाखाली फिलर गेज सारून बघा. एका पायाखाली फट असेल आणि ती तुम्ही बोल्टाने ओढून मिटवलीत तर तो ताण कायमचा फ्रेममध्ये आणि फायरवॉलमध्ये साठून राहतो, आणि तडा कुठे जाणार ते ठरलं. तिथे मापाची शिम घाला, ओढू नका. नोजव्हीलचा पाय इंजिनाच्या फ्रेमलाच लावलेला असेल तर एका जोरदार लँडिंगनंतर फ्रेम किंचित वाकणं अगदी शक्य आहे, आणि त्याची खूण बहुतेक वेळा स्पिनरच्या फटीतच आधी दिसते. वेल्डच्या कडेला रंगात बारीक रेष किंवा गंजाचा ओघळ दिसला तर रंग काढा, भिंग आणि डाय पेनिट्रंट (तडा उठून दिसायला लावायचा रंग) लावून बघा. तडा सापडला तर त्यावर पट्टी वेल्ड करून चालवू नका, फ्रेम उतरवून जाणकाराकडे न्या.

रोटॅक्स ९१२ वाल्यांसाठी थोडक्यात, मागच्या रिंग माउंटचं तत्त्व तेच, पण हे इंजिन मंद गतीवर जास्त हादरतं, १४०० आरपीएमच्या खाली आयडल ठेवलंत तर रबरं आणि गिअरबॉक्स दोघांचं आयुष्य कमी होतं. आयडल नीट करा, मग रबरांना दोष द्या.

काम झाल्यावर हललेल्या इंजिनाबरोबर जे जे हलतं ते बघायचं राहतंच. थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबल पूर्ण उघडताना आणि बंद करताना शेवटपर्यंत जातात का, होज कशाला घासत नाही ना, एक्झॉस्ट काऊलपासून निदान बारा-पंधरा मिलिमीटर लांब आहे का, एअरबॉक्स खाली टेकत नाही ना, कारण स्टार्ट आणि स्टॉपच्या वेळी इंजिन दिसतं त्यापेक्षा बरंच झटका मारतं. रबरांमुळे इंजिन फ्रेमपासून विजेच्या दृष्टीनेही तुटलेलं असतं, त्यामुळे अर्थची पट्टी ताणलेली किंवा सुटलेली राहिली तर स्टार्टरचा करंट थ्रॉटल केबलमधून वाट काढतो आणि केबल गरम होऊन चिकटते. पट्टीला थोडी ढील ठेवा.

नवीन रबरांवर पहिल्या दहा तासांनी टॉर्क परत तपासा आणि फटी परत मोजा, मग पंचवीस तासांनी, मग दर वार्षिक तपासणीला. दोन तपासण्यांत फरक अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी येत असेल तर रबर स्थिरावलंय, तोपर्यंत काऊलला शेवटचा रंग मारू नका.